बिऱ्हाड हलवताना



कवीला रेडिओवर बोलावलं की तो कवितेवर बोलणार, अशी ऐकणाऱ्यांची आधीच तयारी असते. आज मी ट्रकवर बोलणार आहे. ट्रकही रस्त्यावरचा नाही, कॉम्प्युटरमधला आहे. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात तो ट्रक हलवताना माझ्या हातून जे झालं, ते आपल्याला सांगावं म्हणून आलो आहे. कविता त्यात वाटेत भेटेलच.

मी खामगावचा. जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली. रुईच्या गाठी किती, सरकी किती, वजन किती, हे दिवसा लिहायचं आणि रात्री कविता. बी.ए. झालो तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द वर्तमानपत्रात वाचण्यापुरता होता. त्यामुळे या यंत्राशी माझं नातं दूरच्या पाहुण्यासारखं. मान द्यायचा, पण घरातलं विचारायचं नाही.

माझी मुलगी खामगावातच असते. जावई ट्रक चालवतात. मलकापूर, भुसावळ, धुळे, नवापूर करत सुरतेला जाणं-येणं. कधी उलट्या दिशेनं अकोला, नागपूर. आपल्या जिल्ह्यातून जाणारा तो जुना सहा नंबरचा महामार्ग, आता त्याला त्रेपन्न नंबर मिळाला आहे. नांदुऱ्याला रस्त्याकाठी १०५ फुटांची हनुमानाची मूर्ती आहे ना, ती दिसली की जावई घरी फोन करतात, "आलो, भाजी टाका." महिन्यातले वीस दिवस ते घराबाहेर.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नातू, तेव्हा आठवी पास होऊन नववीत गेलेला. २०२४ सालच्या उन्हाळ्याची गोष्ट. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मुलानं स्वतःचा जुना कॉम्प्युटर भाच्याला दिला होता. ट्रॅव्हल्सच्या गाडीत दोन उशांच्या मधे बसून तो खामगावला आला. येताना त्याच्या पोटात एक गेम होता, यूरो ट्रक सिम्युलेटर २. प्राग शहरातल्या एका कंपनीनं २०१२ साली काढलेला. यात मारामारी नाही, गोळीबार नाही. माल भरायचा, युरोपातल्या रस्त्यांवरून ट्रक चालवायचा, वेळेत पोचवायचा. आधी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, मग बँकेचं कर्ज काढून स्वतःचा ट्रक, मग चार ट्रक, मग कंपनी. सिग्नल तोडला की दंड. झोप न घेता चालवत राहिलं तर ड्रायव्हर जांभया देतो आणि पडदा मिटू लागतो.

पहिल्यांदा हा गेम पाहिला तेव्हा जावई बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अब्बा, बापाचं काम पोरगं खेळ म्हणून करतंय." त्यात राग होता की गंमत, मला कळलं नाही. पण पुढच्या खेपेहून आले तेव्हा पोराच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "अरे, वळणावर एवढा स्टेअरिंग नाही मारायचा. मागचा डबा आत ओढतो. आधी बाहेर घे, मग वळव." मग तो शिरस्ताच झाला. बाप घरी आला की रात्री जेवणं झाल्यावर दोघं मिळून ट्रक चालवायचे. पोरगं चालवायचं आणि बाप क्लीनरच्या जागेवर. मुलगी म्हणायची, "रस्त्यावरून घरी येतात आणि घरात पुन्हा रस्त्यावर जातात."

एकदा मी जावयांना सांगितलं, की युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं थांबावंच लागतं, तसा कायदा आहे. आपल्याकडेही तेव्हा १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता; दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, असं त्यात लिहिलेलं होतं. जावई हसले. म्हणाले, "अब्बा, लिहिलेलं असेल." आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागले.

तर असा तो गेम. आता अडचण काय आली, ते सांगतो.

कॉम्प्युटरमध्ये जिथं सगळं साठवतात त्याला हार्ड डिस्क म्हणतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीनं बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटाएवढा आकार, वजन एका टनाच्या पुढं. आणि मावायची किती, तर पन्नास लाख अक्षरं. आज तेवढ्यात मोबाइलवर काढलेला एखादा फोटो जेमतेम बसतो. नातवाच्या कॉम्प्युटरमध्ये तबकड्यांची नव्हे, नव्या पद्धतीची एसएसडी होती. चपळ, पण लहान, १२० जीबीची. तिचं नाव सी. ए आणि बी कुठे गेले, असं मी विचारलं होतं. ती दोन अक्षरं जुन्या फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेल्या, पण त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. गेलेल्या माणसाची खुर्ची रिकामी ठेवतात, तसं.

ही सी भरली. पडद्यावर तिची पट्टी लाल झाली. विंडोज कुरकुर करू लागलं, गेम अडखळू लागला. दुकानदारानं सांगितलं, "एक ५०० जीबीची वापरलेली हार्ड डिस्क टाकून देतो, मोठं सामान तिकडं हलवा." डब्याचं झाकण उघडून त्यानं डिस्क स्क्रूनं बसवली. एक पातळ केबल मदरबोर्डला, एक विजेची. मग पडद्यावर तिला फॉरमॅट करून नाव दिलं, ई. फॉरमॅट एनटीएफएस पद्धतीचा केला. जुन्या एफएटी-३२ पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि गेमच्या फायली आडदांड असतात, असं तो म्हणाला.

आपण म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? गेम काढून टाकायचा आणि नव्या डिस्कवर पुन्हा उतरवून घ्यायचा. शहरातले लोक तेच करतात. पण आमच्या घरी ब्रॉडबँड नाही. मोबाइलचं रोजचं दीड जीबी. गेम पंचवीस जीबीचा. म्हणजे घरातल्या कुणी फोनला हात न लावता सतरा दिवस. आणि मुलीचा फोन बंद ठेवायचा कसा? जावई रस्त्यावर असतात. पुण्यात मुलाच्या खोलीवर एका रात्रीत उतरलेली वस्तू खामगावात लाखमोलाची झाली होती. ती हलवायची तर अख्खी हलवायला हवी होती.

नातू म्हणाला, "नाना, सोपं आहे. इथून कट, तिथं पेस्ट." मलाही ते पटलं. बिऱ्हाड हलवायचं म्हणजे काय, भांडीकुंडी उचलायची आणि नव्या घरात ठेवायची. सी मधला गेमचा फोल्डर कट केला, ई वर पेस्ट केला. हिरवी पट्टी सरकत राहिली. काम झालं. लाल पट्टी निळी झाली. आम्ही चहा घेतला.

मग गेम सुरू करायला गेलो तर उघडेना. फाइल सापडत नाही, असा इंग्रजीत निरोप. ट्रक समोर ई वर उभा, आणि मालक म्हणतो ट्रक नाही.

पुण्याला फोन लावला. मुलानं विचारलं, "अब्बा, हातानं हलवला का? स्टीमला न सांगता?" स्टीम म्हणजे गेम विकणारी आणि सांभाळणारी एक व्यवस्था, २००३ सालापासून चालू असलेली. तिनं प्रत्येक गेमच्या नावानं एक छोटीशी नोंद ठेवलेली असते. अमुक नंबरचा गेम, अमुक फोल्डरमध्ये, एवढ्या वजनाचा. या ट्रकच्या गेमचा नंबर २२७३००. आम्ही ट्रक उचलला, नोंद तिथंच राहिली. स्टीम जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावत होती.

तेव्हा मला माझ्या फुफीची आठवण झाली. पूर्णाकाठी तिचं गाव. नांदुरा तालुक्यात जिगावजवळ पूर्णा नदीवर धरणाचं काम निघालं आणि त्या पट्ट्यातल्या गावांना नव्या गावठाणात जायची वेळ आली. फुफीचं घर हललं. दारं-चौकटी, जातं, पेटी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं ट्रॅक्टरवर चढलं. पण घर हलणं आणि पत्ता हलणं या दोन गोष्टी आहेत. रेशनकार्ड, मतदारयादी, बँकेचं पासबुक, तलाठ्याकडचं दप्तर, जिथं जिथं जुन्या गावाचं नाव लागलेलं होतं तिथं तिथं ते बदलावं लागतं. तोवर माणूस नव्या घरात झोपतो आणि कागदावर जुन्या गावात राहतो.

कॉम्प्युटरलाही असं दप्तर असतं. विंडोजमध्ये त्याला रजिस्ट्री म्हणतात. सीडीवरून टाकायच्या जुन्या गेमांचे पत्ते त्या दप्तरात लिहिलेले असत. म्हणून पूर्वी पोरं मित्राच्या घरून नुसता फोल्डर पेनड्राइव्हवर आणायची आणि गेम चालायचा नाही, तेव्हा म्हणायची की व्हायरस आला. व्हायरस नव्हता, फेरफार झालेला नव्हता. जाणकार लोक आणखी एक युक्ती करतात. सामान नव्या घरी नेतात आणि जुन्या दारावर चिठ्ठी लावतात, की बिऱ्हाड अमुक ठिकाणी गेलं आहे, तिथं जावे. विंडोजमध्ये अशी चिठ्ठी लावता येते. तिला जंक्शन म्हणतात. गेम जुन्या दाराशी जातो आणि त्याला न कळता नव्या घरात पोचतो.

आम्हाला एवढं करायची गरज पडली नाही. मुलानं सांगितलं तसं केलं. आधी फोल्डर मुकाट्यानं पुन्हा सी वर, होता त्या जागी ठेवला. मग स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजच्या पानावर ई ही नवी डिस्क नोंदवली. मग गेमच्या नावावर उजवं बटण, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथं फोल्डर हलवण्याचं बटण. कुठं हलवू, असं विचारतं. ई म्हणून सांगायचं. सामानही तेच हलवतं आणि नोंदही तेच बदलतं. पुन्हा ती पट्टी सरकली. या वेळी गेम उघडला. उघडायला थोडा जास्त वेळ लागला, कारण तबकडीची डिस्क एसएसडीपेक्षा संथ. पण रस्ता दिसू लागला. नातवानं मला मिठी मारली. आपल्याला यंत्र कळायला लागलं, असं मला वाटू लागलं.

माणसाला असं वाटू लागलं की धोका सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातू मित्राकडे गेलेला, मुलगी झोपलेली. बाहेर आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. मी कॉम्प्युटरपुढे बसलो. सी वर अजून जागा करावी, पोराला बरं पडेल, असा चांगला विचार मनात आला. शोधता शोधता डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाचा एक फोल्डर दिसला. मी म्हटलं, गेम तर काल ई वर गेला. मग हे काय उरलं? जुन्या घरात राहिलेला केरकचरा असणार. उघडून पाहिलं. आत प्रोफाइल्स नावाचा फोल्डर, त्याच्या आत आणखी एक. त्याचं नाव होतं ४१६२६२६१. आठ आकडे. आपल्या माणसानं ठेवलेलं नाव असं नसतं, यंत्राचंच काहीतरी असेल, असं म्हणून मी गेमच्या नावाचा तो अख्खा फोल्डरच डिलीट केला.

पट्टीत फारसा फरक पडला नाही. डिलीट केलेली वस्तू आधी रिसायकल बिनमध्ये जाते आणि तिथंही जागा अडवतेच, हे मला माहीत होतं. बिन रिकामा करायला गेलो. कॉम्प्युटरनं विचारलं, हे कायमचं काढून टाकू का? मी हो म्हणणार, तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे मे महिन्यात वीज जाण्यात नवल नाही. त्या दिवशी तिच्या जाण्यानं काय वाचवलं, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. मी घाम पुसत उठलो आणि सगळं विसरलो.

संध्याकाळी नातवाची हाक आली. हाक कसली, किंकाळी. "नाना, मेरा ट्रक कहाँ गया?"

गेम उघडला होता. पण तो नव्या ड्रायव्हरचं नाव विचारत होता. जणू या घरात कुणी कधी ट्रक चालवलाच नव्हता. चौदा महिन्यांत मिळवलेले ट्रक, फेडलेलं कर्ज, कंपनी, काही नाही. नातू रडला नाही. तो नुसता पडद्याकडे पाहत राहिला. रडला असता तर बरं झालं असतं. माझी मुलगी मागून म्हणाली, "जाऊ दे बेटा, खेळच आहे. पुन्हा खेळ." तो म्हणाला, "अम्मी, तो अब्बांचा होता."

मग कळलं. गेममध्ये ड्रायव्हरला नाव द्यावं लागतं. सगळी पोरं स्वतःचं देतात. यानं इंग्रजी अक्षरांत 'अब्बा' असं दिलं होतं. बाप घरी नसताना तो त्या नावानं ट्रक चालवायचा. जावई सुरतेला निघाले की हा एखादं काम घ्यायचा, ते पोचायच्या वेळी हाही पोचेल अशा बेतानं. घरातल्या कुणाला हे माहीत नव्हतं.

मी खाली मान घालून माझी करणी सांगितली. तो काही बोलला नाही. त्यानं रिसायकल बिन उघडला. तो रिकामा झालेला नव्हता. फोल्डरवर उजवं बटण दाबून रिस्टोअर केलं. गेम बंद करून पुन्हा चालू केला. पडद्यावर नाव आलं. सगळे ट्रक जागच्या जागी होते. मी पंख्याखाली बसलो. माझे हात थरथरत होते आणि ते लपवायला मी पाणी मागितलं.

रात्री मी त्याला विचारलं, "अरे, पण त्यावर नाव कुठं होतं? आठ आकडे तर होते." तो म्हणाला, "नाना, नावच होतं ते." त्यानं कागद घेतला. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी मोठ्या ए चा आकडा ४१. छोट्या बी चा ६२. अब्बामध्ये दोनदा बी, म्हणून ६२ ६२. शेवटी छोटा ए, तो ६१. एकापुढे एक लिहा. ४१६२६२६१. गेम प्रोफाइलच्या फोल्डरला असंच नाव देतो.

श्रोतेहो, तीस वर्षं आकडे लिहिण्यात घालवलेला माणूस मी. आणि डोळ्यापुढे 'अब्बा' असं लिहिलेलं असताना मी ते कचरा म्हणून फेकलं.

पण ही गोष्ट इथं संपली नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. कारण एक जुनं गाठोडं आठवलं.

माझा पहिला संग्रह २००४ साली निघाला, गावातच छापला. त्यानंतरच्या कविता मी कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवू लागलो. शेजारच्या पोरानं एक जुना मराठी फॉन्ट टाकून दिला होता. चाळीसेक कविता झाल्या. त्यात माझी आई गेली त्या वर्षाच्या सगळ्या. २०१३ साली तो कॉम्प्युटर भंगारात दिला. देताना हुशारी केली, कवितांच्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. नव्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्या तर मराठीचा एक शब्द नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, उद्गारचिन्हं यांचा चिखल. दोघा-तिघांना दाखवल्या. ते म्हणाले, फायली करप्ट झाल्या. मी मान्य केलं. कागदावरची मूळ हस्तलिखितं मी टाइप झाल्यावर रद्दीत दिली होती. जागा होत नव्हती म्हणून. तिथंही जागाच. अकरा वर्षं मी धरून चाललो होतो, की त्या कविता गेल्या.

नातवाच्या आठ आकड्यांनी मला जागं ठेवलं. पहाटे वाटलं, तो चिखलसुद्धा नावच असला तर?

सकाळी पेनड्राइव्ह शोधला. नातवानं फाइल उघडली आणि म्हणाला, "नाना, हे खराब नाही झालेलं. याचा फॉन्ट नाही." तेव्हा त्यानं समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. आता आपण मराठी टाइप करतो ते युनिकोडमध्ये. तिथं प्रत्येक अक्षराला जगभर एकच आकडा ठरलेला आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. पण आपल्याकडे डीटीपीची दुकानं पुढं कित्येक वर्षं जुन्याच फॉन्टांवर चालली. त्या फॉन्टांत मराठीला स्वतःचा आकडा नव्हता. ते इंग्रजीच्या आकड्यांवर आपल्या अक्षरांची चित्रं बसवायचे. ए च्या जागी 'अ' च असेल असंही नाही. ज्याचा त्याचा हिशेब. फॉन्ट असेल तोवर कविता दिसते. फॉन्ट गेला की खाली नुसते भाड्यानं घेतलेले इंग्रजी आकडे उरतात.

म्हणजे २०१३ साली मी तेच केलं होतं. फायली उचलल्या आणि फॉन्ट जुन्या घरात ठेवून ते घर भंगारवाल्याला दिलं.

फॉन्ट कोणता, हेही आठवेना. पण फायलीतच त्याचं नाव लिहिलेलं निघालं. वर्डच्या वरच्या पट्टीत अक्षरशैलीचं नाव असतं ना, तिथं. नाव मिळालं, फॉन्ट मिळेना. शेवटी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे गेलो. त्याच्याकडे कोपऱ्यात एक जुनं यंत्र अजून धुगधुगत होतं, जुन्या गिऱ्हाइकांच्या पत्रिकांसाठी ठेवलेलं. पेनड्राइव्ह लावला. फाइल उघडली.

माझ्या आईवरच्या कवितेचं शीर्षक मराठीत समोर होतं.

दुकानात पत्रिका घ्यायला आलेले लोक होते. पत्रिकेवर आजोबांचं नाव आधी की आजीचं, यावर त्यांचा वाद चाललेला. मी खुर्चीत बसलो आणि एकेक फाइल उघडत गेलो. दुकानदारानं चहा मागवला आणि विचारलं, "काय सर, महत्त्वाचं आहे का?" मी म्हटलं, "हिशेब आहेत जुने."

चाळीसपैकी सदतीस आल्या. तीन फायली खरोखरच तुटलेल्या होत्या, उघडल्याच नाहीत. त्यातली एक मला बरीचशी पाठ होती, ती पुन्हा लिहून काढली. दोन गेल्या. त्या कशावर होत्या हेसुद्धा मला नीट सांगता येत नाही.

आलेल्या कविता युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. असं बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण ते रफार हलवतात, ऱ्हस्व इकार शेजारच्या अक्षराला देतात, जोडाक्षरं फोडतात. म्हणून एकेक ओळ तपासावी लागते. सुट्टीभर ते काम नातवानं आणि मी केलं. तो मोठ्यानं वाचायचा, मी चुका सांगायचो. त्याच्या पणजीवरच्या कविता त्यानं अशा वाचल्या, अडखळत, इकार-उकार दुरुस्त करत. एके ठिकाणी थांबून म्हणाला, "नाना, ही पणजी घरात दखनी बोलायची ना? मग कविता मराठीत कशी?" मी म्हटलं, "मी शाळेत गेलो तिथं मराठी होती बेटा. ती घरात दखनीत बोलायची, आणि मी रात्री तेच मराठीत लिहायचो." त्यानं मान हलवली. हलवाहलवीतला तो आता माझ्यापेक्षा मुरलेला.

जाता जाता, ज्यांच्या घरी अशी लाल पट्टी झाली असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. गेम हलवायचा तर ज्या व्यवस्थेनं तो टाकला, तिलाच हलवायला सांगा. हलवण्याआधी खेळणाऱ्याची कमाई कुठं साठते, ते शोधा. ती बहुधा गेमच्या फोल्डरमध्ये नसते. डॉक्युमेंट्समध्ये किंवा दडवलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये असते. तिची एक प्रत आधी बाजूला काढा. नव्या डिस्कचं अक्षर एकदा ठरलं की बदलू नका, नाहीतर सगळे पत्ते पुन्हा चुकतील. जुन्या मराठी फायली असतील तर त्यांचा फॉन्टही जवळ ठेवा आणि वेळेत युनिकोड करून घ्या. आणि ज्याचं नाव आपल्याला वाचता येत नाही, ते कचरा आहे असं ठरवण्याआधी घरातल्या पोराला विचारा.

आमच्याकडे आता दोन्हींच्या प्रती आहेत. एक ई वर, एक पुण्याला मुलाकडे. एकाच पेनड्राइव्हवर माझ्या सदतीस अधिक एक कविता आणि त्यांच्या शेजारी ४१६२६२६१.

जावयांना आम्ही हे काही सांगितलं नव्हतं. सुट्टी संपता संपता ते खेपेहून आले. रात्री नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून बसले. पोरगं ट्रक चालवत होतं. जावयांनी कोपऱ्यातलं ड्रायव्हरचं नाव पाहिलं. आजवर त्यांनी ते पाहिलं नव्हतं, की पाहूनही बोलले नव्हते, मला माहीत नाही. म्हणाले, "वळण आलं. सावकाश घे."



(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)